के-५६२ पेशी, १ टक्का ऑक्सिजन आणि न वाढलेली जनुके

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. के-५६२ या ल्युकेमियाच्या पेशी तुम्ही १ टक्का ऑक्सिजनमध्ये २४ तास ठेवल्या, शेजारच्या साध्या इन्क्युबेटरमधील पेशींशी त्यांची तुलना केली आणि हाती काहीच लागले नाही. एचआयएफ-१ अल्फा (ऑक्सिजन घटल्यावर जनुके चालू करणारे प्रथिन) याचा एमआरएनए, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत, जागचा हलला नाही, जीएपीडीएच या संदर्भ जनुकाच्या तुलनेत व्हीईजीएफए (रक्तवाहिन्या वाढवणारे जनुक) जेमतेम १.४ पट वाढला आणि एचआयएफ-१ अल्फाचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रतिपिंडाने प्रथिन शोधण्याची चाचणी, कोरा आला. गाइडना कमी ऑक्सिजनच्या चेंबरचा संशय आहे, सहकाऱ्याने चेंबरऐवजी कोबाल्ट क्लोराइड घालून मोकळे होण्याचा सल्ला दिला आहे, आणि आपण पेशीच चुकीच्या निवडल्या की काय, अशी शंका तुम्हाला येते आहे.

ल्युकेमियाच्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवण्याचे काम मी गेली अठरा वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर तुमच्या तीन निकालांपैकी पहिला अपेक्षितच होता, दुसरा बहुधा मोजणीच्या पद्धतीतून आला आहे आणि तिसरा बहुधा हाताळणीतून. चेंबर निर्दोष आहे असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण त्याच्यापासून सुरुवात करू नका.

पहिल्या निकालासाठी थोडे मागे जावे लागेल. एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन साध्या हवेतील पेशींतही सतत तयार होते आणि तितक्याच नेमाने नष्ट केले जाते. पीएचडी-२ नावाचे विकर (तुमच्या पदवीशी नामसाधर्म्य हा निव्वळ योगायोग) ऑक्सिजन वापरून त्याच्या ४०२ आणि ५६४ या स्थानांवरील प्रोलिनना हायड्रॉक्सिल गट जोडते. त्या खुणेवरून व्हीएचएल प्रथिन त्याला हेरते आणि प्रोटिआसोमकडे, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे, त्याची रवानगी होते. हे सगळे इतक्या झपाट्याने घडते की हवेत या प्रथिनाचे अर्धायुष्य सुमारे पाच मिनिटांचे असते. ऑक्सिजन घटला की खूण बसत नाही, प्रथिन साचू लागते, केंद्रकात जाऊन आपल्या बीटा जोडीदाराला मिळते आणि डीएनएवरील ठरावीक छोट्या क्रमांवर बसून पुढची जनुके चालू करते. ग्रेग सेमेन्झा यांना हा घटक एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाचा अभ्यास करताना सापडला, आणि प्रोलिनवरील खुणेचे कोडे विल्यम केलिन व पीटर रॅटक्लिफ यांच्या गटांनी २००१ मध्ये उलगडले. तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

तेव्हा ऑक्सिजनचा लगाम आहे तो प्रथिनाच्या आयुष्यावर. त्याच्या एमआरएनएवर तो फारसा नाही, म्हणून तो एमआरएनए स्थिर राहणे हे अपयश मानू नका. पेशी जास्त वेळ कमी ऑक्सिजनमध्ये राहिल्या तर तो काहीसा घटतोसुद्धा. जनुकांची सक्रियता पाहायची असेल तर या प्रथिनाने चालू केलेली जनुके मोजायला हवीत, आणि त्यातही कोणती मोजता यावर बरेच काही अवलंबून असते. त्याकडे मी पुढे येतो.

आधी कोऱ्या ब्लॉटविषयी, कारण इथे माझे स्वतःचे तीन महिने गेले आहेत. नवखा असताना मी फ्लास्क चेंबरमधून काढायचो, बोळाच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीतील सेंट्रिफ्यूजपर्यंत न्यायचो, पाच मिनिटे फिरवायचो, पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) दोनदा पीबीएस या क्षारद्रावणाने धुवायचो, प्रत्येक धुण्याला पुन्हा पाच मिनिटे, आणि मग पेशी फोडणारा लायसिस बफर घालायचो. सगळे रीतसर, सगळे स्वच्छ आणि सगळे खोलीच्या तापमानाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घड्याळ लावून माझ्यामागे उभे राहून पाहिले तेव्हा वीस मिनिटे भरली. वीस मिनिटे म्हणजे चार अर्धायुष्ये. चोवीस तासांत जे प्रथिन साचले होते त्याचा सोळावा हिस्सा माझ्या नळीत उरत होता, आणि मी प्रतिपिंडाच्या कंपनीला बोल लावत होतो.

तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींना ही अडचण कमी जाणवते, कारण मीडियम ओतून देऊन थेट बफर घालता येतो. ल्युकेमियाच्या पेशी तरंगत्या असल्यामुळे सेंट्रिफ्यूज टळत नाही. मी आता असे करतो: पन्नास मिलिलिटरची नळी अर्धी बर्फगार पीबीएसने भरून ठेवतो, त्यात थोडे कोबाल्ट क्लोराइड घालतो, फ्लास्क बाहेर येताच कल्चर त्यात ओततो, वर हवा उरणार नाही अशी नळी काठोकाठ भरून झाकण लावतो आणि आधीच थंड करून ठेवलेल्या सेंट्रिफ्यूजमध्ये दोन-तीन मिनिटे फिरवतो. धुणे वगळतो. पेलेटवर थेट गरम एसडीएस सॅम्पल बफर घालतो. थंडाव्यामुळे विकर मंदावते आणि कोबाल्ट त्याला अडवून धरतो. इथे कोबाल्ट फक्त वेचणीच्या क्षणी वापरला आहे, म्हणून प्रयोगाच्या अर्थाला बाध येत नाही. तुलनेच्या साध्या पेशींनाही मात्र हीच वागणूक द्यायला विसरू नका.

यासोबत एक फ्लास्क साध्या हवेतच ठेवून त्यात १०० मायक्रोमोलर डेस्फेरिऑक्झामिन पाच-सहा तास घाला. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरातील जादा लोह काढण्यासाठी वापरतात तेच हे औषध. पीएचडी-२ ला लोह लागते, ते काढून घेतले की ऑक्सिजन असूनही एचआयएफ-१ अल्फा साचते, आणि पेशी हवेत आल्या म्हणून ते लगेच नाहीसे होत नाही. या नियंत्रणामुळे निदान सोपे होते. या रांगेत पट्टा दिसला आणि कमी ऑक्सिजनच्या रांगेत दिसला नाही, तर प्रतिपिंड ठीक आहे आणि दोष वेचणीत किंवा प्रत्यक्ष ऑक्सिजनमध्ये आहे. दोन्ही रांगा कोऱ्या असतील तर लायसिस, ट्रान्सफर किंवा प्रतिपिंडाकडे पाहा. पट्टा कुठे शोधायचा हेही ठाऊक असावे. हिशेबाने या प्रथिनाचे वजन सुमारे ९३ किलोडाल्टन भरते, पण जेलवर ते १२० च्या आसपास धावते. ९३ पाशी दिसलेल्या भलत्याच पट्ट्यावर समाधान मानणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता १.४ पटीचे पाहू. जीएपीडीएच हे सर्वत्र वापरले जाणारे संदर्भ जनुक आहे, पण ते ग्लायकोलिसिसमधील विकराचे जनुक आहे, आणि कमी ऑक्सिजनमध्ये पेशी जो मार्ग वाढवते तो नेमका हाच. म्हणजे ज्या मोजपट्टीने मापायचे तीच प्रयोगात लांब होते. आकड्यांत दाखवतो, मात्र हे आकडे तुमच्या १.४ शी जुळावेत म्हणून मी योजलेले आहेत. समजा साध्या हवेत व्हीईजीएफएचा सीटी (संकेत दिसू लागेपर्यंतच्या सायकलींचा आकडा; तो जितका कमी तितका एमआरएनए जास्त) २५.० आणि जीएपीडीएचचा १७.० आला, म्हणजे फरक ८.०. कमी ऑक्सिजनमध्ये व्हीईजीएफए २३.५ वर आला, पण जीएपीडीएचही १६.० वर उतरला, म्हणून फरक ७.५. अर्ध्या सायकलचा बदल, म्हणजे १.४ पट. याच नमुन्यांत आरपीएलपी-० हे दुसरे संदर्भ जनुक दोन्हीकडे १९.० असेल, तर फरक ६.० वरून ४.५ वर येतो. दीड सायकल म्हणजे २.८ पट. नमुने तेच, आरएनए तोच, आणि उत्तर दुप्पट.

असे झाले आहे का हे तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. सर्व नमुन्यांत सारख्याच आरएनएपासून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) केला असेल, तर जीएपीडीएचचे मूळ सीटी समोर मांडून पाहा. कमी ऑक्सिजनच्या नमुन्यांत ते प्रत्येक खेपेला अर्ध्या-पाऊण सायकलने खाली असतील, तर ही मोजपट्टी टाकून द्या. आरपीएलपी-०, बी२एम, एचपीआरटी यांपैकी दोन-तीन तपासून तुमच्या पेशींत स्थिर राहणारे निवडा. कोणते स्थिर राहील हे पेशींच्या प्रकारावर आणि वेळेवर ठरते, त्यामुळे माझे आवडते जनुक तुम्ही डोळे मिटून घ्यावे असे मी म्हणणार नाही. आयत्या किटमधून मिळते म्हणून वापरणे, एवढे मात्र टाळा.

व्हीईजीएफएची निवडही मला के-५६२ साठी अडचणीची वाटते. या पेशींत बीसीआर-एबीएल हे कर्करोगाला कारणीभूत जोडप्रथिन आहे, आणि ते पीआय३-कायनेज व एमटॉर यांच्या संकेतमार्गाने एचआयएफ-१ अल्फा आणि व्हीईजीएफ यांचे उत्पादन साध्या हवेतही वाढवून ठेवते. पायाच उंच असेल तर वर चढण्यास जागा कमी उरते. एफएलटी३ या जनुकात आयटीडी नावाचा बदल असलेल्या पेशींबाबतही हीच सावधगिरी हवी. मी सहसा बीएनआयपी-३, पीडीके-१, एएनकेआरडी-३७ आणि पी४एचए-१ अशी चार जनुके एकत्र पाहतो. चारही एका दिशेने हलली तर एचआयएफचा मार्ग जागा झाला असे मानतो आणि एकटेच हलले तर त्यावर विसंबत नाही. सीए-९ पाठ्यपुस्तकांत ठळकपणे येते, पण रक्तपेशींत त्याची पायाभूत पातळी कित्येकदा इतकी कमी असते की पटीचे आकडे हास्यास्पद होतात.

वेळ हाही मोठा घटक आहे. प्रथिन पहिल्या काही तासांतच भरते आणि पुढे ओसरू लागते, कारण पीएचडी-२ आणि पीएचडी-३ ही विकरे स्वतःच एचआयएफची लक्ष्ये आहेत आणि उरल्यासुरल्या ऑक्सिजनवर आपले काम पुन्हा वाढवतात. म्हणून ब्लॉटसाठी चार ते आठ तास आणि एमआरएनएसाठी सोळा ते चोवीस तास असे दोन वेगळे टप्पे ठेवा. बाहत्तर तासांनंतर जे दिसते त्यात ऑक्सिजनचा परिणाम किती आणि आंबलेल्या, ग्लुकोज संपत आलेल्या मीडियमचा किती, हे वेगळे काढणे फार कठीण असते.

चेंबरकडे आता येऊ. पडद्यावर १ टक्का दिसतो तो वरच्या हवेतला, आणि पेशी बसलेल्या असतात मीडियमच्या तळाशी. पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये पाच मिलिलिटर म्हणजे दोन मिलिमीटर खोली, दहा मिलिलिटर म्हणजे चार. ऑक्सिजनला ही खोली विसरणाने पार करावी लागते आणि वाटेत पेशी तो खात असतात. १ टक्क्याला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण १० मायक्रोमोलर इतकाच असतो. पेशी दाट असतील तर तळाशी तो जवळजवळ शून्य होतो, आणि मग तुम्ही १ टक्क्याचा प्रयोग समजून प्राणवायूच नसलेल्या स्थितीचा प्रयोग करत असता. उलट बाजूने, साध्या इन्क्युबेटरमधला फ्लास्क मिलिलिटरला दहा लाखांच्या वर गेला की तोही तळाशी ऑक्सिजनला मोताद होऊ लागतो आणि तुमचे नियंत्रणच बिघडते. मी दोन्हीकडे तीन लाखांच्या आसपास सुरुवात करतो, मीडियम आदल्या रात्री उथळ डिशमध्ये चेंबरमध्येच ठेवून तिथल्या ऑक्सिजनशी समतोल साधू देतो आणि फ्लास्कचे झाकण फिल्टरचे आहे ना, हे पाहतो. घट्ट झाकणाचा फ्लास्क २४ तास चेंबरमध्ये ठेवून निकालावर डोके खाजवणारी माणसे तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत.

नायट्रोजनचे सिलिंडर रविवारी संपते, हा आमच्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. चेंबर ऑक्सिजन हाकलतो तो नायट्रोजन सोडून, तो संपला की आतली हवा हळूहळू बाहेरच्यासारखी होते, आणि सोमवारी सकाळी कोणीतरी सिलिंडर बदलल्यावर आकडा पुन्हा १ वर येतो. चोवीस तासांची नोंद काढून पाहा. नोंद ठेवण्याची सोय नसेल तर पिमोनिडॅझोल हे रसायन वापरा. ते साधारण १० मिमी पाऱ्याच्या खाली ऑक्सिजन गेला तरच पेशीतील प्रथिनांना चिकटते, म्हणजे यंत्राऐवजी पेशीचीच साक्ष मिळते.

इथवर तंत्राचे झाले. ज्या गोष्टीमुळे मी एवढे लिहायला बसलो ती पुढे आहे. तुम्ही साध्या इन्क्युबेटरमधील पेशींना ‘नॉर्मल’ म्हटले आहे. पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ वजा जाता त्या इन्क्युबेटरमध्ये सुमारे १८.६ टक्के ऑक्सिजन असतो, समुद्रसपाटीला साधारण १४० मिमी पारा. तुम्ही पुण्यात असाल तर उंचीमुळे आणखी दहाएक मिलिमीटर कमी धरा. याउलट, २०१४ मध्ये जिवंत उंदरांच्या कवटीतील अस्थिमज्जेत थेट मोजणी झाली तेव्हा तिथला ऑक्सिजन सर्वत्र ३२ मिमीच्या खाली आढळला आणि खोलवरच्या भागात ९.९ पर्यंत, म्हणजे १.३ टक्क्यापर्यंत उतरलेला दिसला. अस्थिमज्जेत ल्युकेमिया वाढत जातो तसे पिमोनिडॅझोलने रंगणारे क्षेत्रही पसरत जाते, असे उंदरांमध्ये दिसले आहे. म्हणजे मज्जेतील पेशीच्या दृष्टीने तुमचा १ टक्का हा घरचा किंवा घराच्या जवळपासचा ऑक्सिजन आहे, आणि असाधारण आहे ती तुमच्या नियंत्रणाची हवा. तुलना उलटी वाचली की प्रश्नही बदलतो: कमी ऑक्सिजनने काय वाढले याच्याबरोबरच, जादा ऑक्सिजनने काय दाबले गेले होते, हेही विचारावे लागते. म्हणून मी ५ टक्क्यांचा तिसरा फ्लास्क नेहमी ठेवतो. १८.६ आणि ५ यांत होणारे बदल आणि ५ व १ यांत होणारे बदल वेगवेगळे निघतात, आणि मज्जेविषयी काही बोलायचे असेल तर दुसरी जोडी अधिक कामाची असते.

के-५६२ च्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. या पेशी १९७० मध्ये एका ५३ वर्षांच्या स्त्रीच्या फुप्फुसावरणातील द्रवातून मिळाल्या. तेव्हापासून त्या प्रयोगशाळांच्या हवेत वाढत आल्या आहेत, आणि त्या हवेत जोमाने वाढणाऱ्याच पेशी पन्नास वर्षे पुढे निवडल्या गेल्या आहेत. रुग्णाचा ताजा नमुना मिळत असेल तर तो पाहावा, पण तोही सुईतून बाहेर येताच हवेला सामोरा जातो. हॅल ब्रॉक्समायर यांच्या गटाने २०१५ मध्ये मज्जा ३ टक्के ऑक्सिजनमध्येच गोळा केली, तेव्हा रक्तमूळपेशी लक्षणीय अधिक मिळाल्या होत्या. हवेतील काही मिनिटेही पेशी बदलायला पुरतात.

कोबाल्ट क्लोराइडबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नियंत्रण म्हणून जरूर वापरा, ऑक्सिजनच्या जागी वापरू नका. ते एचआयएफ साचवते, पण पेशीत ऑक्सिजन तसाच असतो. मायटोकाँड्रिया श्वसन करत राहतात आणि ऑक्सिजनवर चालणारी इतर विकरे आपापल्या परीने काम करत राहतात. ही इतर विकरे दुय्यम नाहीत. हिस्टोनवरील मिथाइल गट काढणारी केडीएम५ए आणि केडीएम६ए ही विकरे स्वतःच ऑक्सिजनची कमतरता ओळखतात, असे २०१९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. ऑक्सिजन घटल्यावर हिस्टोनवरील काही खुणा तासाभरातच वाढतात आणि त्यासाठी एचआयएफ लागत नाही. म्हणजे जनुकांच्या सक्रियतेचा एक भाग एचआयएफला वळसा घालून बदलतो, आणि कोबाल्टने तो भाग जसाच्या तसा उभा राहत नाही. एएमएल या तीव्र ल्युकेमियाच्या नमुन्यांत आयडीएच-१ किंवा आयडीएच-२ चे उत्परिवर्तन असेल तर गुंता वाढतो, कारण त्यातून तयार होणारे २-हायड्रॉक्सिग्लुटारेट टेट-२ ला (डीएनएवरील मिथाइल खुणा काढणारे विकर) अडवते आणि पीएचडी-२ ला मात्र चालना देते. असा नमुना कमी ऑक्सिजनला कसा प्रतिसाद देईल हे उत्परिवर्तनाचा अहवाल पाहिल्याशिवाय सांगू नये.

शोधनिबंधांत सगळीकडे ‘एचआयएफ ल्युकेमिया वाढवते’ असे लिहिलेले असते, असा तुमच्या प्रश्नाचा सूर आहे. तसे एकमुखाने लिहिलेले नाही. २०११ मधील एका कामात एचआयएफ-१ अल्फा रोखल्यावर ल्युकेमियाच्या मूळपेशी नष्ट झाल्या होत्या. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांच्या एएमएलमधून ते जनुक काढले तर रोग उलट वेगाने वाढला. २०१५ मध्ये एचआयएफ-१ अल्फा आणि एचआयएफ-२ अल्फा दोन्ही काढली तेव्हा रोग लवकर उद्भवला, पण एकदा जम बसलेल्या रोगाला त्यांची गरज उरलेली दिसली नाही. कोणते उत्परिवर्तन, रोगाचा कोणता टप्पा, जनुक काढले की औषधाने अडवले, यांवर उत्तर फिरते. तुमच्या प्रबंधात ही तिन्ही कामे शेजारी शेजारी येऊ द्या, परीक्षक तिथेच विचारतात.

नवीन काही मागवण्याआधी उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवलेला जुना सीडीएनए काढा. आरपीएलपी-०, बी२एम आणि बीएनआयपी-३ यांची एक प्लेट लावायला एक दुपार पुरते. जीएपीडीएचचे मूळ सीटी, फ्लास्कचे झाकण कसले होते, मिलिलिटरला किती पेशी घातल्या होत्या आणि चेंबरचे दार उघडल्यापासून लायसिस बफर पडेपर्यंत किती मिनिटे गेली, या चार गोष्टी इथे लिहा, म्हणजे चेंबरला दोष द्यायचा की नाही ते बोलता येईल.